जंगली गोरिलांसमोर कसं वागावं

ताडोबात वाघ बघायला आपण जिप्सीत बसून जातो. गोरिला बघायला मात्र पायीच जावं लागतं. शेवटच्या टप्प्यात तुमच्यात आणि दीडशे-दोनशे किलोंच्या नरात थोडी झाडी सोडली तर मध्ये काही नसतं. तरीही युगांडा आणि रवांडात रोज पर्यटकांचे गट रानात जातात आणि सुखरूप परततात. त्या एका तासात कसं वागायचं याचे नियम ठरलेले आहेत, म्हणून हे जमतं. नियम ऐकायला सोपे आहेत. ऐनवेळी ते मोडतात, कारण ते कशासाठी आहेत हे माणसाला नीट कळलेलं नसतं.

पर्यटक ज्यांना भेटतात ते बहुतेक वेळा पर्वतीय गोरिला असतात. जगात ते दोनच ठिकाणी उरले आहेत. एक म्हणजे विरुंगा ज्वालामुखींची रांग. ती रवांडाचं व्होल्कॅनोज, युगांडाचं म्गाहिंगा आणि काँगो लोकशाही प्रजासत्ताकाचं विरुंगा अशा तीन राष्ट्रीय उद्यानांत विभागली आहे. दुसरं म्हणजे युगांडातलं बविंडीचं निबिड अरण्य. दोन्हीकडची मोजणी मिळून १,०६३ गोरिला भरले. २०१८ साली त्यांची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ गटातून ‘संकटग्रस्त’ गटात आली. संख्या वाढल्यामुळे एका कपीला असा दिलासा मिळणं फार दुर्मीळ आहे.

तुम्हाला दाखवतात त्या टोळ्या माणसांना सरावलेल्या असतात. माग काढणारे कर्मचारी साधारण दोन वर्षं, कधी त्याहून जास्त काळ, रोज त्यांच्याजवळ जातात आणि आपल्यापासून धोका नाही एवढं त्यांच्या अंगवळणी पाडतात. पण सरावलेला गोरिला म्हणजे माणसाळलेला गोरिला नव्हे. तो तुम्हाला सहन करतो, आणि त्या सहनशीलतेला मर्यादा आहे.

मोठा धोका सर्दीचा

गोरिलाने पर्यटकाला गंभीर जखमी करणं अगदी विरळ आहे. माणसाच्या आजाराने गोरिला मरण्याची उदाहरणं मात्र नोंदलेली आहेत. आपली आणि त्यांची जनुकं सुमारे ९८ टक्के सारखी असल्याने आपले बरेच विषाणू त्यांना लागतात, आणि त्यांच्याकडे त्यांची प्रतिकारशक्ती नसते. रवांडात २००९ साली हिर्वा नावाच्या टोळीतल्या १२ पैकी ११ गोरिलांना श्वसनाचा आजार झाला आणि एक मादी व एक पिल्लू दगावलं. तपासणीत माणसांत साध्या सर्दी-खोकल्यासारखा दिसणारा मेटान्यूमोव्हायरस सापडला. बविंडीत १९९६ साली एका टोळीला खरूज झाली, अंगावरचे केस गेले आणि एक पिल्लू मेलं. जंगलाच्या कडेच्या शेतांत बुजगावण्यांवर टांगलेल्या जुन्या कपड्यांतून ती आली असावी, असा अंदाज आहे. म्हणून वाटेत हातमोजा, रुमाल, वापरलेला मास्क पडू देणं ही किरकोळ गोष्ट नाही. पिल्लं जमिनीवरची प्रत्येक नवी वस्तू उचलून तोंडात घालतात.

पंधरा वर्षांखालच्या मुलांना परवानगी नसते. लहान मुलांमार्फत गोवर, कांजिण्या, सर्दीपडसं पसरण्याची शक्यता जास्त, हे त्यामागचं मोठं कारण. मूल कितीही शहाणं असलं तरी वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट बघतात. तिथे वाद घालू नका.

निघण्याआधी

परवाना आधी, विमानाचं तिकीट नंतर. रवांडाचा परवाना २०१७ पासून १,५०० डॉलरचा आहे. युगांडाचा परदेशी पर्यटकांसाठी २०२४ च्या जुलैपासून ८०० डॉलर. एका टोळीकडे दिवसातून एकच गट जातो, गटात जास्तीत जास्त ८ माणसं, आणि भेट एका तासाची. जून ते सप्टेंबर आणि डिसेंबर ते फेब्रुवारी हे तुलनेने कोरडे महिने असल्याने तेव्हाचे परवाने कित्येक महिने आधी संपतात. परवाना घेतानाच आजारी पडल्यास पैसे परत मिळतात की तारीख बदलून मिळते, ती अट लेखी मागून घ्या. एवढे पैसे भरल्यावर शिंक दाबून, गोळी घेऊन रांगेत उभं राहण्याचा मोह भल्याभल्यांना होतो, आणि गोरिलांच्या दृष्टीने सगळ्यात धोकादायक माणूस तोच. ताप, खोकला, घसादुखी, जुलाब, तोंडावर उठलेली नागीण यांपैकी काहीही असेल तर सकाळी रेंजरला सांगा. तुमच्या लक्षात येण्याआधी त्याच्या लक्षात आलं तर तो तिथूनच परत पाठवू शकतो, आणि त्याने पाठवावंच.

विषाणू लक्षणं दिसण्याच्या दिवसभर आधीही पसरू शकतो. म्हणून भेटीच्या आठवडाभर आधीपासून विमानात, विमानतळावर आणि गर्दीच्या बसमध्ये मास्क लावा. गोवर, इन्फ्लुएन्झा, कोविड, धनुर्वात आणि अ प्रकारची कावीळ यांच्या लसी झाल्या आहेत का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांचंही त्यांनाच विचारा.

पीतज्वराची लस आपल्याकडच्या लोकांची हमखास राहते. युगांडात शिरायला तिचं पिवळं प्रमाणपत्र लागतं. लस टोचल्यापासून १० दिवसांनी ते ग्राह्य होतं आणि मग आयुष्यभर चालतं. येताना ते जवळ नसेल तर भारतातल्या विमानतळावरून थेट विलगीकरणात जावं लागू शकतं, सहा दिवसांपर्यंत. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने ठरवलेल्या केंद्रांतच मिळते. मुंबई, पुणे, गोवा इथे अशी केंद्रं आहेत, पण दिवस ठरलेले असतात आणि नोंदणी आधी करावी लागते. प्रवासाच्या महिनाभर आधी हे काम उरकून टाका.

अंगावर काय, पिशवीत काय

महाराष्ट्रात कळसूबाईच्या पुढे शिखर नाही, आणि ते १,६४६ मीटर. रवांडाच्या उद्यानाची हद्दच त्याच्या वर, सुमारे २,४०० मीटरच्या आसपास सुरू होते. दम लागणार, आणि दम लागला की मास्कमधून श्वास घेणं अवघड होतं. त्यामुळे दोन महिने आधीपासून चढ चढायचा सराव ठेवा. बविंडी उंचीला कमी आहे, पण चढउतार तिथेही उभेच, आणि पायाखाली वेलींचा गुंता. गोरिला कुठे आहेत त्यावर चालणं अवलंबून असतं. कधी अर्ध्या-पाऊण तासात भेट होते, कधी पाच-सहा तास लागतात.

जाड कापडाची लांब पँट घाला, पायमोजे तिच्यावर ओढून घ्या आणि त्यावर गेटर्स, म्हणजे पोटरीवर बांधायची जाड आवरणं, चढवा. हे थंडीसाठी नाही, सफारी मुंग्यांसाठी आहे. या मुंग्यांची रांग ओलांडताना पँट मोकळी असेल तर पाचपन्नास आत शिरतात, एकदमच चावायला लागतात, आणि माणूस तिथल्या तिथे ओरडत कपडे झटकायला लागतो. गोरिलांपासून वीस पावलांवर हा प्रकार कुणालाच नको. बागकामाचे जाड हातमोजे घ्या. विरुंगाच्या उतारावर अंगाची आग करणारी नेटल नावाची वनस्पती कमरेइतकी वाढते, आणि घसरताना हात आपोआप तिलाच धरतो. शर्ट पूर्ण बाह्यांचा, रंग मातकट किंवा हिरवट. पावसाचं जॅकेट घ्या, छत्री नको. छत्री उघडण्याचा आवाज आणि तो अचानक फुगणारा आकार दोन्ही गोरिलांना बिचकवतात. अत्तर आणि उग्र वासाचा डिओडरंटही त्या दिवशी टाळा.

मास्क तीन घ्या, कारण घामाने आणि पावसाने ओला झालेला मास्क कामाचा राहत नाही. ते कागदी पाकिटात किंवा कापडी पिशवीत ठेवा. रवांडात पॉलिथिनच्या पिशव्यांवर २००८ पासून बंदी आहे. शिवाय दोन लिटर पाणी, कोरडा खाऊ, हात निर्जंतुक करायचं द्रव.

तंबाखू, गुटखा, पान मुक्कामावरच ठेवून या. जंगलात थुंकायचं नाही, हा नियम खोकल्याच्या नियमाइतकाच कडक आहे.

पोर्टर घ्याच. साधारण १५ ते २० डॉलरमध्ये स्थानिक माणूस तुमची पिशवी उचलतो, उभ्या चढावर हात देतो, आणि जंगल राखण्यात गावाचा फायदा आहे हे त्या पैशांतून गावाला दिसतं. बरेच पोर्टर अशा घरांतून येतात जिथे पूर्वी फासे लावून शिकार होत असे.

सकाळ

रवांडात सगळे किनिगीच्या मुख्यालयात जमतात. बविंडीत बुहोमा, रुहिजा, रुशागा आणि न्कुरिंगो अशी चार ठाणी आहेत. परवान्यावर ज्या ठाण्याचं नाव आहे तिथेच जायचं. नकाशावर ठाणी जवळजवळ दिसतात, रस्त्याने तासन् तास लागतात, त्यामुळे मुक्काम त्याच ठाण्याच्या बाजूला घ्या.

टोळी नेमून देण्याआधी आपली तब्येत खरी सांगा. गुडघा दुखतो, दमा आहे, वय झालं आहे, हे सांगितलं तर जवळची टोळी मिळण्याची शक्यता असते. लपवलं तर पुढे सगळा गट अडकतो. आणि तुम्ही मागे राहून, धापा टाकत, घाईघाईने पोहोचलात की पहिली चूक तिथेच होते. धापा टाकणारा माणूस मास्क खाली ओढतो.

माग काढणारे पहाटेच निघालेले असतात. आदल्या दिवशी टोळी जिथे सोडली तिथून ते रात्रीच्या गाद्या शोधतात. गोरिला रोज संध्याकाळी पानं-फांद्या दुमडून नवी गादी करतात आणि सकाळी ती सोडून जातात. मग चुरगळलेली झाडी, सोललेल्या रानटी सेलरीच्या देठांची सालं, तीन फोडींसारखी दिसणारी ताजी विष्ठा यांवरून माग पुढे सरकतो आणि रेडिओवरून तुमच्या रेंजरला ठिकाण कळतं. रेंजरजवळची बंदूक गोरिलांसाठी नसते. जंगलात हत्ती आणि रानम्हशी आहेत, त्यांना पिटाळायला हवेत बार काढावा लागतो. तसा आवाज झाला तर रेंजर सांगेल त्या झाडामागे थांबा, पळत सुटू नका.

शौचाला लागली तर रेंजरला सांगा. तो कोयत्याने फूटभर खोल खड्डा करून देतो आणि नंतर तो पूर्ण बुजवायचा असतो. कागद परत आणा. पोटाचे विकारही गोरिलांना आपल्याकडून लागतात.

पिशव्या ठेवण्याची जागा

टोळीच्या साधारण दोनशे मीटर अलीकडे रेंजर सगळ्यांना थांबवतो. पिशव्या, काठ्या, खाणंपिणं पोर्टरजवळ ठेवायचं. काठी सोबत न्यायची नाही, कारण काही गोरिलांच्या अनुभवात हातात लांब वस्तू घेतलेला माणूस म्हणजे भालेवाला शिकारी. पाणी इथेच पिऊन घ्या, पुढे तासभर खाणंपिणं बंद. नाक शिंकरा, हात निर्जंतुक करा, कोरडा मास्क लावा आणि नाकावरची पट्टी दाबून बसवा. फोन पूर्ण मूक करा, कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद करा. सगळ्यात जास्त विसरतो तो फोकस जमवताना लागणारा छोटा नारिंगी दिवा. मेन्यूत जाऊन तोही बंद करा. काळ्या केसांमुळे कॅमेऱ्याचा मीटर फसतो आणि फोटो करडा, पांढरट येतो. म्हणून एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप खाली आणा. आयएसओ १,६०० च्या आसपास ठेवा, लेन्स ७०-२०० ची पुरते. हे सगळं आधीच करून ठेवलं की गोरिलांसमोर बटणांशी झटापट होत नाही.

तो एक तास

अंतर हा सगळ्या नियमांचा पाया. कित्येक वर्षं नियम ७ मीटरचा होता. कोविडनंतर आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने १० मीटर आणि मास्क अशी शिफारस केली. दहा मीटर म्हणजे दोन मोटारी एकापुढे एक उभ्या केल्यावर होणारं अंतर. हे डोळ्यात बसावं म्हणून घरीच एकदा मोजून बघा. जंगलात ते नेहमी कमीच भासतं, आणि कॅमेऱ्यातून बघणारा माणूस नकळत पावलापावलाने पुढे सरकतो. दोन-तीन फोटो काढले की डोळा कॅमेऱ्यावरून काढा आणि अंतर पुन्हा जोखा.

अडचण अशी की गोरिलांना हा नियम माहीत नाही. टोळी चरत चरत तुमच्याच दिशेने येते, पिल्लू कुतूहलाने पुढे सरकतं. अशा वेळी मागे सरायचं काम आपलं: सावकाश, त्यांच्याकडे पाठ न करता, रेंजर दाखवेल त्या बाजूला. मागे जागा नसेल, दरीचा काठ असेल किंवा बांबू दाट असेल, तर जागच्या जागी बसा आणि त्यांना जाऊ द्या. पिल्लू बुटाला हात लावेल, पँट ओढेल. हात मागे घ्या, नजर खाली ठेवा, रेंजरला बघू द्या. कुरवाळायचं नाही, हसत त्याच्याकडे वाकायचं नाही. त्याची आई आणि सिल्व्हरबॅक, म्हणजे पाठ रुपेरी झालेला टोळीचा मुख्य नर, दोघंही बघत असतात आणि पिल्लाने केलेली एक किंकाळी त्यांना पुरते. शिवाय तुमच्या बुटावरून त्याच्या बोटांवर आणि बोटांवरून तोंडात जे जाईल ते परत घेता येत नाही.

माथेरान-महाबळेश्वरला माकडांना चणे-केळी देण्याची सवय असलेल्यांनी इथे हात खिशात ठेवावेत. खाऊ दाखवणं, टिचकी वाजवणं, ‘ए, इकडे बघ’ म्हणून हाक मारणं, यातलं काहीही नाही. त्याने मान वर करून बघावं अशी इच्छा असेल तर थांबा, तासाभरात बघतोच.

गटाने एकत्र, एकाच बाजूला राहायचं. पुढचे खाली बसतात, मागचे उभे. पांगून अर्धवर्तुळ केलं की सिल्व्हरबॅकला घेरल्यासारखं वाटतं. तो आणि त्याच्या माद्या यांच्यामध्ये कधीही थांबू नका. झाडीत तुडवलेली वाट दिसत असेल तर ती त्यांची जायची वाट आहे, तिथून बाजूला व्हा. उतारावर असाल तर बुटाची टाच मातीत रोवून उभे राहा. पाय घसरून थेट टोळीत जाऊन पडणं हा नुसता कल्पनेतला धोका नाही.

आवाज कुजबुजीपुरता. बोट दाखवू नका, हात झटक्याने वर करू नका. डोळ्यात डोळे घालून एकटक बघणं म्हणजे गोरिलांच्या भाषेत आव्हान, आणि मोठी काळी लेन्स हाही त्यांच्या लेखी एक डोळाच. सिल्व्हरबॅककडे बघायचं तर थोडं बघा, मग नजर झाडाकडे न्या, मग पुन्हा बघा. दात दाखवून हसू नका. मास्क असेल तर हे आपोआप सांभाळलं जातं. खोकला आलाच तर पाठ फिरवून, कोपरात, मास्क न काढता.

गोरिला काय सांगतोय

शांत टोळी ओळखायला सोपी. चघळण्याचे, फांद्या मोडण्याचे आवाज येत असतात आणि मधूनमधून खोल, घशातून आलेलं ‘म्म्-हंम्’ ऐकू येतं. रेंजर घसा खाकरल्यासारखा जो आवाज काढतात तो याचीच नक्कल असते: आम्ही आहोत, सगळं ठीक आहे. तुम्ही तो काढू नका. चुकीच्या वेळी काढलेला आवाज गोंधळ करतो. दुपारच्या सुमारास टोळी विश्रांती घेते. सिल्व्हरबॅक पालथा पडलेला, पिल्लं त्याच्या पाठीवर चढउतार करताहेत, माद्या एकमेकींचे केस निवडताहेत. सगळ्यात छान बघायला मिळतं ते याच वेळी, आणि तेव्हा आपण जितकं कमी हलू तितकं जास्त दिसतं.

तणाव चढत जातो तो पायऱ्यापायऱ्यांनी. पहिली खूण तोंडाची: ओठ आत ओढून घट्ट मिटतात, तोंडाची रेघ होते. मग खाणं थांबतं. चारही पाय ताठ ठेवून, अंग आडवं करून तो चालायला लागतो, म्हणजे किती मोठा आहे ते तुम्हाला दिसावं. जांभई येते, पण ती झोपेची नसते. लांब सुळे दाखवायचे असतात. खोकल्यासारखे तुटक, जलद हुंकार येतात: ही ताकीद. हवेत उग्र, घामट वास येऊ लागला तर तोही सिल्व्हरबॅकचाच, ताण आल्यावर तो वास सुटतो. यातली एक खूण दिसली तरी फोटो थांबवा, खाली बसा, रेंजरकडे बघा. त्याला ती खूण तुमच्याआधी दिसलेली असते, पण तुम्ही कॅमेऱ्यात गुंतलेले असलात तर त्याचा इशारा तुम्हाला दिसत नाही.

छाती बडवण्याचा पूर्ण खेळ मोठा असतो. आधी एकामागून एक हूहू असा वाढत जाणारा आवाज, मग एखादं पान तोंडात धरणं, दोन पायांवर उभं राहणं, पाला भिरकावणं, छातीवर थापा, आडवं धावणं, वाटेतली झाडी मोडणं आणि शेवटी जमिनीवर थाप. थापा मुठीच्या नसतात, ओंजळीसारख्या पोकळ तळव्यांच्या असतात. म्हणून पॉक-पॉक-पॉक असा पोकळ आवाज येतो आणि तो किलोमीटरभर ऐकू जातो. लहान पिल्लंही खेळताना छाती बडवतात, त्याला घाबरायचं कारण नाही. ८ ते १२ वर्षांचे, पाठ अजून काळी असलेले तरुण नर मात्र पर्यटकांची परीक्षा घेतात: जवळून धावत जातात, जाता जाता धक्का देतात. तेव्हाही करायचं तेच, खाली बसून दुर्लक्ष.

दोन टोळ्या एकमेकींसमोर आल्या तर दोन्ही सिल्व्हरबॅक पेटलेले असतात आणि कोण कुठून धावेल सांगता येत नाही. रेंजर भेट आवरती घेईल. पैशांचा हिशेब मनात न आणता त्याच्या मागे निघा.

अंगावर धावून आला तर

बहुतेक धावे दाखवण्यासाठी असतात. तो आरडत येतो, काही पावलांवर थांबतो किंवा बाजूने निघून जातो. तुम्ही मागे हटावं एवढंच त्याला हवं असतं. पण डोळ्यासमोर तो येताना हे आठवत नाही, म्हणून शरीराला आधीच शिकवून ठेवा. मुक्कामावर एकदा करून बघा: गुडघे वाकवून सावकाश उकिडवं बसायचं, खांदा त्याच्या बाजूला वळवायचा, हनुवटी छातीला, नजर जमिनीवर, दोन्ही हात छातीशी. तोंडातून आवाज नाही. शेजारच्याला धरून ओढायचं नाही, रेंजरला मिठी मारायची नाही. त्याचे हात मोकळे हवेत. आजूबाजूचं एखादं रोप घट्ट धरलं तर मागे कोलमडायला होत नाही.

पळालात तर दाखवण्याचा धावा खऱ्या पाठलागात बदलू शकतो. पळणाऱ्याला तो मागून गाठतो आणि चावा पायाला किंवा कुल्ल्याला बसतो. ताठ उभं राहून त्याच्याकडे बघणं दुसऱ्या टोकाची चूक: ते आव्हान स्वीकारणं झालं. ओरडणं, हात वर करणं, काही फेकून मारणं, सगळं त्याच खात्यात.

तो थांबला की लगेच उठू नका. त्याची पाठ वळेपर्यंत, रेंजर उठा म्हणेपर्यंत तसंच बसून राहा. मग वाकलेल्या अंगानेच, एकेक पाऊल मागे. क्वचित तो जाता जाता हाताने ढकलून जातो. पडलात तर पडूनच राहा, पोट जमिनीकडे, हात मानेवर. ओरखडा आला तर रेंजरला लगेच सांगा, साबण-पाण्याने भरपूर धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रेबीजची आणि धनुर्वाताची सुई घ्यायची का, हे तिथेच ठरवून घ्या.

सखल भागातले गोरिला

काँगो प्रजासत्ताक, गॅबन, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक आणि कॅमेरून इथे पश्चिमी सखल प्रदेशातले गोरिला आहेत. तिथलं जंगल सपाट, पण इतकं दाट की गोरिला दिसतो तोच हाकेच्या अंतरावर. मोठा धोका अचानक समोरासमोर येण्याचा. म्हणून मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातल्या झांगा-सांघा जंगलातले बाआका जमातीचे माग काढणारे चालताना जिभेने टक्-टक् आवाज करत राहतात, म्हणजे टोळीला आपण येतोय हे आधी कळतं. तो आवाज चालू असताना मध्ये बोलू नका. गट इथे पर्वतीय गोरिलांकडच्यापेक्षा लहान असतात आणि मास्क सक्तीचा. झाडांमधल्या मोकळ्या दलदलीत, ज्यांना तिथे बाई म्हणतात, उंच मचाणावरून बघायला मिळतं, आणि तो सगळ्यात निर्धोक प्रकार आहे.

माणसांना न सरावलेली टोळी अवचित भेटली तर थांबा. हळू आवाजात बोला, म्हणजे तुम्ही काय आहात ते त्यांना कळेल. आलात त्याच वाटेने तिरकं होऊन मागे जा. बहुतेक वेळा सिल्व्हरबॅक आरडाओरडा करत मध्ये थांबतो आणि त्याच्या आडून माद्या-पिल्लं निघून जातात. त्यांच्या मागे दोन पावलंही जाऊ नका. तो तरीही धावला तर वर सांगितलेलं उकिडवं बसणं इथेही तेच.

या भागात मेलेला गोरिला, चिंपांझी किंवा हरीण दिसलं तर हात लावू नका, जवळही जाऊ नका. २००२ नंतरच्या काही वर्षांत काँगो प्रजासत्ताकाच्या लोसी आणि ओद्झाला भागांत इबोलाने हजारो गोरिला मारले, आणि मेलेल्या जनावराला हाताळण्यातून हा रोग माणसात येतो. जागा लक्षात ठेवा, वाटाड्याला सांगा.

परतल्यावर

तास संपला की रेंजर सांगेल तेव्हा निघा. ‘एकच फोटो’ मागू नका. मास्क पिशव्यांच्या जागेपर्यंत काढायचा नाही. वापरलेले मास्क मोजून परत आणा.

फोटो टाकताना विचार करा. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यूट्यूबवरचे पर्वतीय गोरिलांचे २८२ व्हिडिओ तपासले. माणूस आणि गोरिला एकत्र दिसणाऱ्या व्हिडिओंपैकी ४० टक्क्यांत अंतर हातभर होतं किंवा प्रत्यक्ष स्पर्श होता. असे व्हिडिओ बघून येणारा पुढचा पर्यटक रेंजरकडे तेच मागतो, आणि बक्षिशीवर घर चालवणाऱ्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. पिल्लू बुटाजवळ आल्याचा फोटो तुमच्याकडे असेल तर तो घरच्यांपुरता ठेवा. मास्कसकट, अंतर राखून काढलेला टाका.

कुठल्या टोळीला कुठल्या तारखेला भेट दिली ते लिहून ठेवा. पुढच्या चार-पाच दिवसांत ताप, खोकला किंवा जुलाब सुरू झाले तर उद्यानाच्या कार्यालयाला किंवा तुमच्या टूर कंपनीला लगेच कळवा. गोरिला डॉक्टर्स या संस्थेचे पशुवैद्य जंगलातच टोळ्यांवर लक्ष ठेवतात. टोळीचं नाव आणि तारीख मिळाली की कोणाकडे आधी बघायचं हे त्यांना कळतं.